कान धरा, बाबा

"बता इसे, अपनी भाषा में," शिपाई म्हणाला. "बोल, कान पकड़े."

जेलात, मुलाकातीच्या जाळीपल्याड माहा बाप उभा. सत्तरी उलटलेला. सकाळच्या गिनतीत उठ म्हटलं त उठला नाही, हा त्याचा कसूर. त्याले समजलंच नव्हतं. अख्खी उमर रायपूरच्या रेल्वेत गँगमन होता, हिंदीतच बोलला. पण डोकं रिकामं होऊन राहिलं न, त पहिले हिंदी गेली. उरली ते मायच्या तोंडची मराठी.

मी म्हटलं, "बाबा, कान धरा." त्यानं मुकाट धरले. माह्याकडं पाहून हसला बी. बाजूचे लोक पाहून राहिले होते. गुढियारीत घरी पोचेपर्यंत माह्या अंगाची आग आग झाली.

बाबाच्या हातून गुन्हा झाला. भांडणात एका माणसाचा जीव गेला, ते मी लपवत नाही. पण त्याले आता ते भांडणच आठवत नाही. दर खेपेले मलेच विचारते, "पोरी, मी इथं काहून आहो? माही ड्यूटी सुटली नाही का अजून?"

जेलच्या डॉक्टरनं बिमारी आहे म्हटलं, त त्याले बराकीतून दवाखान्यात हलवतात. किती हातापाया पडली, तवा डॉक्टरची भेट मिळाली. बाबाले बी तिथं आणलं. डॉक्टर तात्यापाऱ्याचा, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतला, मोठ्या घरचा. पाटीवरचं आडनाव मी ओळखलं. माहं त्यानं ओळखलं.

बाबा बोलायले लागला त डॉक्टर म्हणाला, "हिंदी में बोलिए. मुझे मराठी नहीं आती." मग मले म्हणाला, "ज़िंदगी भर नौकरी की और अब हिंदी भूल गया? नाटक तुम लोगों को अच्छा आता है."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो आई. अगं, आत्ताच सांगितलं ना मी? असू दे, पुन्हा सांगतो. निळी गोळी, जेवण झाल्यावर."

साफ मराठी. अन् किती मायेची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ना, ते मी समोर बसून ऐकलं.

फोन ठेवून म्हणाला, "इसको बोलो, खड़ा हो."

मी नाही बोलली. खुर्ची ओढली, बाबाले बसवलं. मग मराठीतच म्हटलं, "डॉक्टर, तुमची आई विसरते त तुमी पुन्हा सांगता. माहा बाप विसरते त नाटक? आता तुमीच सांगा त्याले. आईले सांगितलं तसं."

त्यानं मान वर केली नाही. "टाइम हो गया," म्हणाला.

बाबा अजून त्याच बराकीत आहे. शिपाई अजून म्हणते, बता इसे. मी म्हणते, नाही सांगत. मुलाकात बंद करीन, तो म्हणते. कर म्हणते मी.

मी कोर्टात अर्ज लावला. मराठी समजणाऱ्या डॉक्टरनं बाबाले तपासावं, अन् या डॉक्टरले साक्षीले बोलवावं. वकील म्हणते, कशाले वैर घेता. घेतलं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन सांगावं त्यानं, मले मराठी येत नाही म्हणून.