मावसाजींचा कॉम्प्युटरचा वर्ग

कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून म्हणून पाहायची नाही, असा पण करून जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा निघाला. मुंबईच्या एका गिरणीची कापूस खरेदीची कचेरी अकोल्याला होती. मावसाजी तिथे मॅनेजर. बाजारात कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की वरच्या कापसाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. कोपरापर्यंत हात आत खुपसून मधला झुबका उपटायचे, बोटांनी ओढून धागा पाहायचे आणि मगच भाव बोलायचे. "वरचा कापूस कोनीबी पांढराच ठेवते," म्हणत. इथवर सारे ठीक होते. पण हाच न्याय ते उरलेल्या सृष्टीलाही लावत. नाटकाला दुसऱ्या अंकात जात, त्यामुळे नायिका कशाने रडते हे त्यांना कधीच कळले नाही. रडते मात्र झकास, असा अभिप्राय ते गावभर देत. मुलगी पाहायलासुद्धा ठरल्या दिवशी न जाता आदल्या दिवशीच जाऊन धडकले. मावशी तेव्हा मिरच्या कुटत होती. नाक लाल, डोळ्यांना धारा. यांनी उभ्याउभ्याच होकार दिला. "मले कोनी ह्यांचा मधातला झुबका पाहू देल्ला नाही," ही मावशीची तक्रार जन्मभर टिकली.

यंत्रांशी मावसाजींचे पहिल्यापासून वाकडे. कचेरीतला टेलिफोन वाजला की उभे राहून कोटाची बटणे लावत आणि मगच तो कानाला लावत. अशा माणसाला मालकांचा निरोप आला की मुंबईला कॉम्प्युटर येतो आहे. खरेदीचे सारे हिशेब पुढल्या हंगामापासून त्याच्यावर जातील. ज्या मॅनेजरांना यंत्रातले काही कळत नाही, त्यांनी सोयीचा एखादा ओळखवर्ग निवडून तो दिवाळीपर्यंत पुरा करावा. न केल्यास त्यांच्या खुर्चीवर मुंबईचा शिकलेला माणूस बसवला जाईल. मावसाजींनी उभी हयात त्या खुर्चीत काढली होती. ते तडक अमरावतीला, राजापेठेत माझ्याकडे आले. "तू शाळेत मास्तर हायेस. शिकवनाऱ्याची लबाडी तुलेच समजन," म्हणाले आणि मला सोबत घेऊन वर्ग पाहायला निघाले.

पाहायचे म्हणजे अर्थातच मधून. पोस्टाने येणाऱ्या एका वर्गाचे धडे मागवले, गठ्ठा पत्त्यांसारखा कापला आणि मधला धडा काढून वाचला. एक अक्षर समजले नाही. "माल कच्चा हाये," असा निकाल देऊन गठ्ठा परत पाठवला. नागपूरच्या एका कॉलेजात आम्ही ऐन रंगात आलेल्या तासाला जाऊन बसलो. प्रोफेसर सांगत होते की या यंत्राला फक्त 'हो' आणि 'नाही' एवढेच कळते. मावसाजी उभे राहिले.

"अन् 'पाहू' म्हनलं तं?"

"म्हणजे?" प्रोफेसरांनी विचारले.

"बजारात हो-नाही कोन म्हनते साहेब? सारे 'पाहू'च म्हनतेत. मंग थे यंत्र काय करन?"

वर्ग खोखो हसला. प्रोफेसरांनी चष्मा पुसला आणि मावसाजींनी तोही वर्ग नापास केला. राजापेठेतल्या टायपिंगच्या क्लासवर कॉम्प्युटर शिकवण्याची नवी पाटी लागली होती. तिथला तरुण शिक्षक मुंबईहून शिकून आलेला. यंत्र नव्हते म्हणून फळ्यावर खडूने काढून शिकवायचा. तिथेही आम्ही मधूनच घुसलो आणि मधूनच उठलो. दसरा जवळ आला तेव्हा मावशीचा धीर सुटला. "तुमी वर्ग पाहून राहिले का पोरीसाठी नवरा?" तिने विचारले आणि राजापेठेतल्या त्या क्लासची नवी तुकडी सुरू होत होती, त्या दिवशी तिने त्यांना स्वतः गाडीत बसवून दिले.

त्या दिवशी मावसाजी वेळेच्या आधी येऊन पहिल्या बाकावर बसले. शिक्षकाने यंत्र म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. छान, सावकाश सांगत होता. मी मागे बसून मावसाजी केव्हा उठतात याची वाट पाहत होतो. ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

संध्याकाळी त्यांना पोहोचवायला बडनेरा स्टेशनवर गेलो. फलाटावर त्यांनी तिकीट काढून पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवले. मग म्हणाले, "मास्तर चांगला हाये. काहीच लबाडी नाही त्याची."

"मग झालं तर," मी म्हणालो.

"आजपावतर मले वाटे, मधातून जातो म्हनून समजत नाही. आज पयल्यापासून बसलो रे. तरी नाही समजलं."

एरवी त्यांच्या थट्टेवर आमच्या घराण्याच्या दिवाळ्या साजऱ्या होत. त्या क्षणी मी नुसती त्यांची पिशवी उचलून हातात घेतली. गाडी आली. खिडकीशी बसून त्यांनी कोट नीट केला आणि म्हणाले, "उद्या येतो. उद्याचंबी ऐकून घेऊ."

दिवाळीपर्यंत ते वर्गाच्या दर दिवशी अकोल्याहून येत राहिले. वर्ग पुरा केला, समजले नाही ते नाहीच, आणि मालकांना तसे त्यांनी आपण होऊन सांगून टाकले. खुर्ची गेली. त्यांच्या बाकीच्या साऱ्या गोष्टी मी आजही लोकांना हसवायला सांगतो. ही सांगताना मात्र मी कुणाला हसू देत नाही, कारण काही समजत नसताना रोज असा पहिला बाक धरून बसणे मला स्वतःला झेपले नसते.