सक्ती न चालणारे भाऊजी

अक्षर वाईट आहे, चुकाही असतील, सांभाळून घ्या.

शेजारच्या भाऊजींना हेल्मेटपासून जेवणाच्या आग्रहापर्यंत कसलीच सक्ती चालत नाही. ग्रामसभेत आमच्या घरामागच्या डोंगरावरच्या चराईबंदीला भाऊजींसह दोघांचाच विरोध होता. दुसऱ्याला शेळ्या मोकळ्या सोडायच्या होत्या. भाऊजींच्या मात्र कायम दावणीला.

"मग विरोध कशाला?" सरपंचांनी विचारलं.

"बांधायचं मी ठरवलंय. तुमी कोण सांगनार?"

बंदी झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हट्टानं शेळ्या डोंगरावर सोडल्या. तिथं मी उन्हाळाभर पाणी घालून जगवलेली आंब्याची रोपं आहेत. ती वाचवायला भाऊजीच काठी घेऊन शेळ्यांमागं धावत होते.

"बांधा की भाऊजी," मी हसू दाबत कशीबशी म्हणाले.

"आता तर न्हाईच, वहिनी. तुमी सांगितलं न्हवं!"

मी पुढं आग्रह न धरता घरात गेले. खिडकीतून पाहिलं, तर भाऊजी शेळ्या घराकडं वळवत होते.