मी सांगितलेला आकडा

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा रिसोडच्या माझ्या शोरूममध्ये मी एका नव्या गाडीची चावी देत होतो. ग्राहकाने माझ्या तोंडात पेढा कोंबलेला, फोटोवाला ‘हसा, हसा’ म्हणतोय... आणि मी हसलो. तो फोटो त्या घराच्या भिंतीवर असेल. पाच आठवडे झाले, जिवाला स्वस्थता नाही. का, ते सांगून टाकतो.

दिगंबरची वाशिमला कारची एजन्सी. कंपन्या वेगळ्या, म्हणून आमची दोस्ती टिकली. हा माणूस खुर्चीत बसलेला मी पाहिलाच नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचा. सहा वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने बजावलं : शोरूमच्या दर शंभर रुपये खर्चातले चाळीसच तुमचं वर्कशॉप कमावतं, वर्षभरात सुधारा, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला देऊ. तो थेट माझ्याकडे आला.

"भाऊ, तुमचं वर्कशॉप किती काढते? खरं सांगजा."

माझे निघत होते पंचावन्न. पण समोर श्रोता असला की माझी जीभ ताब्यात राहत नाही. "ऐंशी," मी म्हणालो.

"ऐंशी! आन् आमी का झोपा काढून राह्यलो?"

आठवड्याने तो माझं वर्कशॉप बघायला आला. मी दोन मेहुणे, एक साडू आणि गल्लीतले डॉक्टर, सगळ्यांच्या गाड्या बोलावून जागा गच्च भरली होती. एका मेहुण्याची गाडी तर परवाच धुतलेली. तिला पुन्हा फेस लावला. दिगंबर हातात घड्याळ घेऊन, कुठलं काम किती वेळात होतं ते लिहीत फिरत होता. मेहुणा कुजबुजला, "भाऊजी, माही गाडी कधी सोडता? बायकोले माहेरी न्याचं हाये." मी बुटाने त्याचा पाय दाबला.

दिगंबर मात्र ते ऐंशी खरे धरून पेटला. मानोरा गावच्या बाजाराच्या दिवशी तिथं मेकॅनिक पाठवू लागला. गाडी घेऊन गेले ते पुन्हा न फिरकलेले ग्राहक त्याने स्वतः फोन करकरून परत आणले. एखाद्या सुट्या भागासाठी गाडी अडली की त्याला घास गिळवत नसे. वर्षाअखेर तो साठावर आला, एजन्सी वाचली. तरी थांबेना. दर एक तारखेला फोन : "भाऊ, तुमचं किती?" तो पंच्याहत्तरच्या पुढे गेला तसा मीही तोंडानेच सरकत गेलो, कायम पाचांनी पुढे. वाटे, खोटं कळलं तर हा थांबेल. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की मला त्याचं "वा भाऊ!" ऐकायचं असे...

परवा एक तारखेला त्याच्या मुलीचा, स्वातीचा फोन आला. आता एजन्सी तीच बघते. "काका, बाबानं सांगतलं होतं, एक तारखेले काकाले इचारत जा. तुमचं किती?"

"सत्तावन्न," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं, साडूच्या गाडीसकट. वाटलं, ती हसेल.

"म्हणजे बाबा तुमच्या पुढं होते?"

"कधीचेच, बेटा."

पलीकडे तिने वर्कशॉपची ठोकठोक थांबवायला लावली.

"काका, दवाखान्यातही ते म्हणत होते, अजून भाऊच्या पाचानं मागं आहो मी. एखाद्या वेळी तरी सांगाचं होतं न त्याईले."