भागीने मागितलेली साधी स्प्रिंग

वैशाखरे गावच्या भागीने छपन्न वर्षांत दवाखान्यात कधी रात्र काढली नव्हती. नवरा गेल्यावर तिने एकटीने भात-नाचणी पिकवली आणि मुलाला, भाविकला, शिकवलं. म्हणूनच दोन हजार पंधराच्या पौषात ती अंगणात छाती धरून मटकन बसली, तेव्हा सुट्टीला आलेल्या भाविकने तिला तसंच गाडीत घातलं.

टोकावड्याच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद पाहून पुढे पाठवलं. मुरबाड मागे पडलं, कल्याणचा दवाखाना आला. मनगटातून बारीक नळी घालून हृदय तपासलं, तर एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद.

"आत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवून वाट मोकळी करावी लागेल," डॉक्टर निशिगंधा तिच्यावर वाकून म्हणाल्या. "औषध लावलेली बसवते. ती सहसा पुन्हा तुंबत नाही. मुलाने सही केलीय. फक्त रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या वर्षभर चुकवायच्या नाहीत."

भागी जागी होती. छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालेलं, तरी रक्त पातळ म्हटल्याबरोबर तिने मान वळवली.

"बाई, थांबा. माझं अंगावरून जातंय."

पाळी जाऊन सात वर्षं झाली होती. दिवाळीनंतर पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा ती शेजारच्या जनाला घेऊन गुपचूप तपासून आली. गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. पिशवी काढायचं ऑपरेशन दीड महिन्यावर आलं होतं. भाविक वाशिंदच्या कारखान्यात नुकताच लागला होता. तो सगळं सोडून घरी येऊन बसेल, या भीतीने तिने तोंड उघडलं नव्हतं.

हे सगळं तिने आता डॉक्टरांना सांगितलं.

"या गोळ्या चालू असताना ऑपरेशन केलं तर रक्त थांबायचं नाही. मधेच बंद केल्या, तर स्प्रिंगमधे गुठळी होऊन जीव जाईल."

"दुसरी नाय का कुठली?"

"आहे. साधी, नुसत्या धातूची. तिला महिनाभर दोन गोळ्या पुरतात, मग एक बंद करून ऑपरेशन करता येतं. पण पाच जणांत एखाद्याची ती काही महिन्यांत आतून भरून येते. तुमचीही येऊ शकते."

"आणि पिशवीतलं वरीसभर थांबंल?"

"नाही थांबणार."

"मंग साधी घाला."

बाहेर आणल्यावर भाविक उसळला. "आये, ते चांगली देत होते नि तू साधी मागितलीस?" तिने कारण सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "मला नाय सांगितलंस."

दीड महिन्याने पिशवी निघाली. रोग पसरला नव्हता. ऑपरेशन करणारे डॉक्टर हसले, पण भाविकला हसू येईना. सुट्टीला घरी असताना आईने जरा हात छातीकडे नेला, की त्याचा घास तोंडातच राही. ती पाण्याला गेली, तरी तो दारात उभा.

आषाढात लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात भागीचा जबडा आवळला, डावा हात जड झाला. बायका म्हणाल्या, वाकून वाकून झालं असेल. पण भागीने बांधावर बसून जनाला सांगितलं, "भाविकला फोन लाव. त्याला सांग, तेच दुखणं आलंय."

स्प्रिंग खरंच आतून अरुंद झाली होती. आता ऑपरेशन व्हायचं राहिलं नव्हतं. डॉक्टर निशिगंधांनी जुन्या स्प्रिंगच्या आतच औषधाची बसवली.

न चुकता दोन गोळ्या खायचं ते वर्ष भाविकने पार पाडलं. वाशिंदला कामाच्या पाळीवर जाण्याआधी रोज त्याचा फोन यायचा. "गोळी?" "खाल्ली." "दोनी?" "दोनी रे." एकदा पुरात रस्ता बंद झाला, तेव्हा तो डोंगरवाटेने भिजत गोळ्या घेऊन आला. पाकीट तिच्या हातात दिलं नि ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

भागी आता सहासष्टची आहे. शेतातून परतताना चढणीवर एकदा थांबते. सून विचारते, काय होतंय का? काही होत असलं तर ती सांगते.