न बांधलेला जिना

रविवार, सकाळी नऊ, लासुर्णे. तात्यांचा दहावा. भावकीखेरीज हजर : आमच्या मुलींच्या वसतिगृहाचे अध्यक्ष नाना, गवंडी रज्जाकभाई आणि तिथली रेक्टर, म्हणजे मी. बातमी तात्यांच्या मुलाने फोनवर दिली होती. "मॅडम, तात्या गेलं... चहा घेता घेता." मी तेव्हा किराण्याची यादी करत होते. फोन ठेवून आणखी तीन ओळी लिहिल्या, मग हात थांबला.

तात्या साखर कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांना आगीपासून बचावाचे आराखडे करून देत. बारामतीतल्या आमच्या इमारतीवर मजला चढवायचा ठरला, तेव्हा ते त्यांचा नेहमीचा तक्ता घेऊन आले. डावीकडे काय बांधायचं, मध्ये खर्च, उजवीकडे एक रिकामा रकाना. परवडत नसेल ते खुशाल काटा, पण काटणाऱ्याने त्या रकान्यात सही करायची.

"तात्या, आजवर हितं कधी काडी पेटली न्हाय. दुसरा जिना कशाला?" नाना म्हणाले.

"चोरीबी झाली न्हाय, नाना. मग फाटकाचं कुलूप काढा की."

रज्जाकभाई हसले. नानांनी पेन उचललं, रकाना पाहिला आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "तुमीच बघा, मॅडम."

मी बघितलंच होतं. दुसऱ्या जिन्यात वरची सातवी खोली जात होती. म्हणजे सहा खाटा. प्रतीक्षा यादीत सणसर आणि डाळजच्या सहा मुली होत्या. जागा मिळाली नाही तर त्यांचं कॉलेज सुटणार आणि पाठोपाठ लग्नं उरकली जाणार, हे मला नावानिशी माहीत होतं. आग लागेल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी जिना काटला आणि सही केली.

तात्या रागावले नाहीत. "चुकलं म्हणणार न्हाय मी. पण सही तुमची, आणि झोपायच्या त्या... त्यांस्नी सांगा. धूर आधी जिन्यात भरतो. जिना एकच हाय हे ठावं असलं, तर जळका वास येताच पोरगी अंथरूण सोडंल."

त्यानंतर दर जूनमध्ये प्रवेश आटोपले की त्यांचा फोन यायचा. "सांगितलं का?" मी म्हणायचे, "सांगते, तात्या." पहिल्या दिवशी मी मुलींना सतरा नियम वाचून दाखवते. जिना एकच असल्याची अठरावी ओळ कधी वाचली नाही. ती ऐकून वडिलांनी मुली परत नेल्या असत्या, तर त्या खाटांसाठी केलेल्या सहीला काय अर्थ उरला असता?

गेल्या जूनमध्ये मी "सांगितलं" म्हणाले. "मग, काय म्हणाल्या पोरी?" मी नव्या प्रवेशांचे आकडे सांगू लागले... "बरं," ते म्हणाले, "पाऊस हाय का तिकडं?" तेच आमचं शेवटचं बोलणं.

दहाव्याहून परतल्यावर त्याच संध्याकाळी मी मुलींना सातव्या खोलीत बोलावलं. जिन्याकडचं दार जिथं यायचं होतं, त्या भिंतीवर त्यांनी परीक्षेची वेळापत्रकं चिकटवली आहेत. सणसरची एक घाबरून म्हणाली, "मॅडम, ही खोली बंद होणार हाय का?"

"नाही गं," मी म्हणाले. "मोबाइल चार्जिंगला लावून झोपत जाऊ नका, एवढंच."

याला तीन आठवडे झाले. रोज सकाळी नवी यादी करते आणि पहिली ओळ तीच उतरवते : मुलींना सांगणे.