तिसरी विहीर

जुने नकाशे घेऊन गावात फिरणाऱ्या माणसांकडे किस्से आपोआप साचतात, माळ्यावर धूळ साचावी तसे. बाकीचे ते हसत सांगतात. मी सांगते तेव्हा माझे हात गार पडलेले असतात.

आम्ही तिघं. सुनीलभाऊ, जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. नाझिया, माझी कॉलेजची मैत्रीण, कशालाच न घाबरणारी. आणि मी, कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. दर रविवारी यवतमाळच्या एका वाचनालयात पिवळे पडलेले पेपर चाळायचे आणि मग नकाशा घेऊन चालत सुटायचं, हा आमचा उद्योग.

यंदा विहिरींच्या मागे लागलो ते माझ्यामुळे. दादाचं लग्न ठरलं, बाबांनी घरावर मजला चढवायला काढला, आणि त्याच आठवड्यात सुनीलभाऊंच्या जुन्या नकाशात आमच्या भागात तीन विहिरी दिसल्या. आज तिथे एकही नाही. मग मजल्याचा भार नक्की कशावर पडणार?

"भित्री भागूबाई," बाबा म्हणाले. "तुह्या जन्माच्या आधीपासून राह्यतो इथं. घर हाललं का कधी?"

*

विहिरींचा काही उल्लेख सापडतो का म्हणून पेपर चाळत होतो, तर आमच्याच भागातल्या विहिरीत बिबट्या पडल्याची बातमी निघाली. त्या दिवशी मी भर दुपारी छत्री काठीसारखी धरून घरी निघाले.

नाझिया म्हणाली, "रुचे, तो बिबट्या तुझ्या आजीच्या लग्नाआधीच मेला असेल."

"आणि त्याची पिल्लं?" मी विचारलं.

तिने तेव्हापासून माझं नाव 'पिल्लू' ठेवलंय.

*

पहिली विहीर निघाली पिठाच्या चक्कीखाली. सुनीलभाऊंनी चक्कीवाल्याला नकाशातलं वर्तुळ दाखवलं.

"जमीन थरथरते, हे मले माहीत होतं," तो म्हणाला. "मले वाटे, मशीनीनं थरथरते."

आता तो दळण टाकतो आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहतो. परवा आमची ज्वारी जळकट आली. आई चिडली, मी तशीच भाकरी खाल्ली.

*

दुसरी एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये. मधोमध गोल खळगा. चौकीदार सांगत होता, "दरसाल मुरूम टाकतो, दरसाल खाली जाते."

"जाते कुठं?" नाझियाने विचारलं.

"कायले विचारता, मॅडम? मी पाहाले थोडीच जातो."

नाझिया हसली. मी मात्र येताना तो खळगा टाळून भिंतीला घासत चालले आणि ओढणीला चुना लावून घेतला.

*

तिसऱ्या विहिरीच्या वेळी मूळ नकाशा फाटायला आला होता, म्हणून मी ट्रेसिंग पेपरवर नक्कल काढली. अक्षर वाईट म्हणून नावं लिहिली नाहीत, फक्त रस्ते आणि वर्तुळं. नक्कल हातात घेऊन पुढे मीच.

उजवीकडे बाजार लागायला हवा होता. लागलं स्मशान.

मी तिथेच खाली बसले. सुनीलभाऊंनी कागद उन्हात धरला. "पोरी, तू हा कागद पालथा धरून राह्यली. सकाळपासून आपण उलट्या यवतमाळात फिरून राह्यलो."

नाझिया पोट धरून हसत होती. मग सुनीलभाऊंनी कागद सुलटा केला, मूळ नकाशाशी ताडून पाहिला, आणि तिचं हसू थांबलं. तिसरं वर्तुळ आमच्या गल्लीत होतं. आमच्या घरांच्या ओळीत.

सुनीलभाऊ हळूच म्हणाले, "जुने लोक विहीर बुजवताना मधात एक पाईप उभा सोडत. बुजली तरी तिले श्वास लागते म्हणत. तुमच्या गल्लीत आहे का असं काही?"

माझ्या पलंगाखाली फरशीतून बोटभर लोखंडी पाईप वर आलेला आहे.

*

घरी आले तर अंगणात बाबा आणि ठेकेदार बोलत होते. उद्या सकाळी स्लॅब टाकायचा होता. मी पलंग ओढला. पाईपवर स्टीलची वाटी पालथी घातलेली.

आई उदबत्ती घेऊन देवघराकडे चालली होती. "ती वाटी नको काढू," ती म्हणाली. "खोली गार पडते."

"कधीपासून?"

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून घालते मी."

मी वाटी काढली आणि आईच्या हातातली उदबत्ती पाईपाजवळ धरली. पंखा बंद होता. धूर वर गेलाच नाही. वळला आणि सरळ पाईपात उतरला.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. "गटाराची जुनी लाईन असंन," ते म्हणाले.

धूर उतरत राहिला. मग थांबला. आम्ही तिघंही खाली बघत होतो. थोड्या वेळाने तो सगळा परत वर आला, सावकाश, ओल्या मातीचा वास घेऊन. आणि पुन्हा आत जाऊ लागला.

बाहेरून ठेकेदाराने विचारलं, "साहेब, सकाळी मिक्सर किती वाजता आणू?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पलंगाची ती बाजू धर. आधी हा बाहेर काढू."