साडूंची शिशाची फौज

माणसाने पन्नाशीनंतर काय करू नये हे ज्याला पाहायचं असेल, त्याने कोणत्याही शनिवारी दुपारी जळगावात आमच्या घरी यायला हवं होतं. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून, जीभ अर्धी बाहेर काढून एक गृहस्थ बोटभर उंचीच्या राक्षसाच्या विजारीला रंग देत बसलेले दिसले असते. ते आमचे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहतात, तिथेच नोकरी करतात आणि आठवड्याचे बाकीचे दिवस शहाण्यासारखे वागतात, असं ऐकून आहे. मी तो चमत्कार पाहिलेला नाही.

एवढं अंतर तुडवून आमच्याकडेच का, तर आमची हवा. "भाऊ, कॉलनीत बारीक धूळ उडते, ओल्या रंगावर बसते. तुमच्याकडे कसं स्वच्छ असतं," असं पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. जळगावची हवा स्वच्छ म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मी बायकोकडे पाहिलं. ती तोवर टेबलावरचं लोणचं उचलून त्यांना जागा करून देत होती.

ही फौज त्यांची लहानपणची. त्यांचे वडील, नाना, मूळचे पिंपळनेरकडचे. दीपनगरला फिटर म्हणून लागले. तिथे कधीकाळी कुणी परदेशी इंजिनियर येऊन राहिला होता. जाताना त्याच्या पोराचे चार पुतळे मागे राहिले: एक शिंगवाला राक्षस, एक कुऱ्हाडवाला बुटका, एक लांब कानांचा तिरंदाज आणि एक पंखवाला अजगर. नानांनी त्यावरून प्लास्टरचे साचे केले, भंगारातलं शिसं वितळवून ओतलं आणि पोरासाठी अख्खी फौज उभी केली. साचे तेच, पण नाना प्रत्येकाचं तोंड कानशीने आणि सुईने वेगळं करायचे म्हणे. म्हणे असं लिहितो, कारण ती तोंडं आम्ही कुणी पाहिलेली नव्हती. त्याला कारण आमचे साडूच.

झालं असं, की साडू नऊ-दहा वर्षांचे असताना फौज घेऊन पोळ्याला गावी गेले. बैलांची शिंगं रंगवून झाल्यावर डब्यांत उरलेला रंग पाहून त्यांच्यातला कलावंत जागा झाला. शिंगाचा रंग तो, पाऊसपाणी, चिखल, झुंज सगळ्याला पुरून उरेल असा दाट. साडूंनी सगळी फौज त्यात बुचकळून काढली. राक्षस लाल, बुटके सोनेरी, अजगर हिरवा. नाक, डोळे, चिलखताच्या कड्या, सगळं त्या थराखाली गडप. नानांनी आपल्या अहिराणीत फक्त "झकास शे" म्हटलं आणि फौज वाळायला ओट्यावर मांडून दिली.

आता तीच फौज 'नीट' रंगवायची, असं साडूंनी मनावर घेतलं. त्याला निमित्त नानांच्या डोळ्यांचं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. आहे तेवढी नजर शक्य तितकी टिकवू, गेलेली परत येणार नाही, असं स्पष्ट बजावलं. दुसऱ्या एखाद्या मुलाने अशा वेळी बापाला चार देव दाखवले असते. आमच्या साडूंनी माळ्यावरून राक्षसांची ट्रंक खाली काढली. नानांची नजर आहे तोवर त्यांना फौज दाखवायची, हा त्यांचा पण. मी म्हटलं, "अहो, म्हातारपणी माणसाला नातवंडं बघायची असतात." ते म्हणाले, "नातवंडं रोजच बघतात."

उन्हाळ्याचा पहिला दीड महिना जुना रंग काढण्यातच गेला. थिनरच्या वासाने आमच्या घरातल्या माश्यासुद्धा स्थलांतर करून गेल्या. धुतलेले पुतळे गच्चीवर, बायकोने घातलेल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी वाळत पडायचे. ज्या बिबड्यांवर ती माझी सावली पडू देत नाही, त्यांच्या रांगेत शिंगवाले राक्षस आडवे झालेले मी याच डोळ्यांनी पाहिले. तक्रार केली तर म्हणाली, "ते निदान कडा मोडून खात नाहीत."

मग रंगकाम सुरू झालं. त्यांना तीन केसांचा कुंचला हवा होता. बाजारात तसा मिळेना, म्हणून एका सकाळी माझ्या दाढीच्या ब्रशचे केस उपटले गेले. रंग पाण्यासारखा पातळ करायचा, एक हात द्यायचा, पंखा बंद करून वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. जळगावच्या मे महिन्यात पंखा बंद. मी घामाने भिजत चहा पीत असे आणि हे एका बुटक्याच्या भुवईकडे पाहत असत. संध्याकाळपर्यंत एक शिपाई झाला तरी स्वारी खूश होऊन भुसावळची गाडी पकडायची.

दसऱ्याच्या सुमारास मात्र माझा संयम सुटला. ट्रंकेतले अर्धे शिपाई तसेच नागडे होते आणि नाना आता घरात भिंत चाचपत चालतात, असं मेहुणीने फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुमचं हे लाडकौतुक पुरे. एकेक हात मारा आणि नेऊन दाखवा. नाहीतर फौज तयार होईल आणि बघणारा राहणार नाही." फार लागेल असं बोललो, हे मला बोलतानाच कळलं. साडूंनी कुंचला पाण्यात धुतला, वर्तमानपत्राला पुसला. "एकदा घाईत रंगवून झालंय, भाऊ," एवढंच म्हणाले आणि पुढचा शिपाई उचलला. असल्या हट्टाला मूर्खपणा म्हणतात, असं त्या रात्री मी बायकोला ऐकवलं.

दिवाळीत नानांची नजर गेली. फौज पुरी झाली माघात.

ट्रंक दीपनगरला पोचवायला मी बरोबर गेलो. खरं सांगायचं तर साडूंची फजिती बघायलाच गेलो होतो. त्यांनी परातीत सगळी फौज मांडली आणि नानांच्या पुढ्यात ठेवली. वर्षभराची मेहनत समोर आणि बघायला कुणी नाही. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

नानांनी चाचपत एक बुटका उचलला. अंगठा त्याच्या तोंडावरून फिरवला. मग पोटावरून, पट्ट्यावरून, परत तोंडावर.

"हाई नाक शे," नाना म्हणाले. "आते हातले लागस. तुना पहिला रंगखाल बठ्ठं बुजी जायेल व्हतं."

"तव्हय का बरं सांगं नही, नाना?" साडू परातीजवळ सरकले.

"तू ल्हान व्हता. खुशीमा व्हता."

कितीतरी वेळ नाना एकेक शिपाई उचलून चाचपत होते. हा तिरळा, याची मिशी फोरमनसारखी, याचा कान ओतताना बिघडला होता, असं आपलं आपण सांगत होते. त्या पातळ रंगाने कानशीची एक रेघसुद्धा बुजवली नव्हती. एकेक हात मारा, म्हणणारा मी तिथेच बसलो होतो. मला माझी लाज वाटली.

मग नाना माझ्या दिशेने वळले. "पाव्हना, यानी कसा रंगाडात, तुम्ही सांगा. हाऊ त बापले बरंच सांगी."

साडू मान खाली घालून बसले होते. वर्षभर ज्या कामाची मी टिंगल केली, त्याचा निकाल आता मी द्यायचा होता. मी परात जवळ ओढली, चष्मा पुसला आणि पहिला राक्षस हातात घेतला. वर्षभर तो माझ्याच टेबलावर होता, पण मी त्याच्याकडे आज पहिल्यांदा पाहत होतो. नानांना त्याच्या विजारीचा निळा रंग सांगितला. त्या निळ्याला कडेने दिलेली गडद छटा सांगितली. डोळ्यांत पांढरा ठिपका आहे, तो जिवंत वाटतो, हेही सांगितलं. यातलं काहीच मला वाढवून सांगावं लागलं नाही. नाना मान हलवत ऐकत होते आणि माझं सांगून झालं की परातीतला पुढचा शिपाई चाचपून माझ्या हातात देत होते.